वीस चित्रं आणि शंभर खुणा

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचा संच १२० पत्त्यांचा असतो. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते. बारांपैकी एक राजा, एक प्रधान आणि उरलेल्या दहांवर एकापासून दहापर्यंत त्या अवताराची खूण. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवं, परशुरामाच्या पत्त्यांवर परशू. म्हणजे चिताऱ्यानं वस्त्रं-दागिन्यांसकट, मन लावून रंगवायची चित्रं होतात वीस. बाकी शंभर पत्त्यांवर त्याच दहा खुणा पुन्हा पुन्हा येतात. शिवाय प्रत्येक अवताराचा पार्श्वरंग ठरलेला, त्यामुळे हातात पसरून धरलेले पत्ते नुसत्या कडेवरून ओळखू येतात. कागदाच्या गोल चकत्यांना चिंचोक्याची खळ आणि लाखेचा लेप देऊन एकेक पत्ता हातानं रंगवणाऱ्या कारागिराकडे वेळ मोजकाच होता. तो कुठं खर्च करायचा आणि कुठं वाचवायचा, हा हिशोब त्या संचात उघड दिसतो.

पुढच्या पानांत आहे तो हाच हिशोब, फक्त मोबाइलच्या आणि संगणकाच्या पडद्यासाठी. एकट्यानं किंवा दोघा-तिघांनी मिळून गेम बनवणाऱ्या आणि चित्रकार नसलेल्या माणसाला समोर ठेवून ही पुस्तिका लिहिली आहे. चित्रकला शिकवण्याचा तिचा दावा नाही. तिचं म्हणणं एकच: खेळातलं चित्र आधी ओळखू यावं लागतं, सुंदर दिसण्याची पाळी नंतर येते. हे एकदा पटलं की हातातली तुटपुंजी कला पुरवून पुरवून वापरता येते.

गेवराई तालुक्यातल्या उमापुरात बसून गेम बनवायचा म्हटलं तर आज साधनांची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. गोडो हे गेम इंजिन २०१४ पासून मुक्तस्रोत आहे. ते उतरवून घ्यायला आणि त्यात बनवलेला गेम विकायला कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. त्रिमितीय कामासाठीचं ब्लेंडर २००२ मध्ये असंच सर्वांसाठी खुलं झालं. त्याचे जनक टोन रोझेनडाल यांनी लोकांकडून सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून त्याचे हक्क सोडवून घेतले होते. रंगकामाला क्रिटा आहे, रेषाकामाला इंकस्केप आहे, दोन्ही फुकट. कोड शिकवणारे व्हिडिओ हिंदीत भरपूर मिळतात. मग काम अडतं कुठं? चित्रांपाशी. उडी मारणारा चौकोन आठवड्याभरात पडद्यावर नाचायला लागतो आणि त्या चौकोनाचा माणूस करायची वेळ आली की फाइल महिनोन्‌महिने उघडली जात नाही. मोठ्या शहरातल्या डेव्हलपरला अॅनिमेशन शिकलेला एखादा मित्र हाताशी असतो. तालुक्याच्या गावात फ्लेक्स करून देणारा असतो आणि शाळेचे चित्रकलेचे सर असतात.

त्या सरांना कमी लेखू नका. अशाच सरांच्या हाताखाली महाराष्ट्रातली असंख्य मुलं शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा देतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे त्यातले विषय. ‘मला चित्र काढता येत नाही’ असं म्हणणारा माणूस बहुधा स्मरणचित्राबद्दल बोलत असतो: जत्रा, पावसातली शाळा, बैलपोळा, माणसांची गर्दी. गेमला त्याची गरज सर्वांत कमी पडते. गेमला लागतं ते संकल्पचित्र, म्हणजे एक आकार घेऊन तो चौकटीत पुन्हा पुन्हा बसवणं आणि मोजक्या रंगांत त्याचा तोल साधणं. जमिनीच्या, भिंतीच्या, पाण्याच्या ज्या चौकोनी टाइल जोडून गेमचं जग उभं राहतं, त्या म्हणजे संकल्पचित्रच. त्या खालोखाल लागतं अक्षरलेखन. पट्टी-कंपास घेऊन हे दोन पेपर ज्यानं बऱ्यापैकी सोडवले, त्याची बरीचशी तयारी शाळेतच झालेली आहे.

ओळख आणि सौंदर्य यांतला फरक गेमच्या इतिहासात अगदी सुरुवातीपासून आहे. १९८१ मध्ये ‘डॉन्की काँग’ या खेळासाठी शिगेरू मियामोतो यांनी एक छोटा माणूस काढला. जेमतेम सोळा पिक्सेलच्या चौकटीत त्याला बसवायचं होतं. एवढ्या जागेत केस दाखवता येईनात, म्हणून डोक्यावर टोपी आली. तोंड काढायला जागा नव्हती, म्हणून नाकाखाली मिशा आल्या. हात हलताना दिसावेत म्हणून अंगरख्याचा रंग वेगळा आणि त्यावरच्या तुमानीचा वेगळा ठेवला. पुढं जगभर ओळखला गेलेला मारिओ तो हाच. त्याच्या अंगावरची प्रत्येक गोष्ट अडचणीतून आली आणि त्या अडचणींनीच त्याला चेहरा दिला. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप यांचा आकार एकच आहे; एकाला पांढरा रंग, दुसऱ्याला हिरवा. सगळा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवायचा होता. कोट्यवधी मुलांनी तो खेळला, पण ढग आणि झुडूप यांत कुणाची गल्लत झाली नाही, कारण वर असलं की तो ढग आणि खाली असलं की ते झुडूप. जागा आणि रंग यांनीच ओळख पटवली.

जॉर्डन मेकनर यांच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची गोष्ट याच्याही पुढची आहे. माणसाची धाव, उडी, लोंबकळणं हुबेहूब काढण्याइतकी चित्रकला हाताशी नव्हती, म्हणून त्यांनी आपल्या धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि एकेक फ्रेम गिरवून घेतली. १९८९ मध्ये तो खेळ आला तेव्हा त्यातली हालचाल पाहून लोक थक्क झाले. खेळात राजपुत्राला शत्रू हवा होता, पण संगणकाच्या मेमरीत दुसऱ्या पात्राच्या चित्रांना जागा नव्हती. मग राजपुत्राचीच चित्रं एका पिक्सेलनं सरकवून स्वतःशीच ताडून घेतली; त्यातून एक लखलखती छाया तयार झाली आणि तीच राजपुत्राची प्रतिस्पर्धी ठरली. एकही नवं चित्र न काढता खेळाला त्याचं सर्वांत लक्षात राहणारं पात्र मिळालं आणि कथेलाही वळण मिळालं. गिरवून घ्यायला आज तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. उमापुरातलं कुणीही पोर अंगणात उडी मारेल, तुम्ही ती टिपा आणि तिच्या सहा फ्रेम गिरवा.

इथं थोडं गणित करू, कारण चित्रकलेपेक्षा गणितानंच अधिक गेम बुडतात. समजा, तुमचा खेळ वरून पाहिल्यासारखा आहे आणि नायक आठ दिशांना वळतो. उभं राहणं, चालणं, काम करणं, पडणं अशा चार क्रिया आणि प्रत्येक क्रियेच्या सहा फ्रेम. आठ गुणिले चार गुणिले सहा, म्हणजे १९२ चित्रं. एका चित्राला वीस मिनिटं धरली तर ६४ तास, आणि तेही एकाच पात्राचे. आता तोच खेळ बाजूनं दाखवा. नायक उजवीकडे चालतो तेव्हाचं चित्र काढा, डावीकडे जाताना इंजिनला ते उलटं करायला सांगा. चित्रं उरली २४, तास उरले आठ. नायकाच्या उजव्या हातातला कोयता वळल्यावर डाव्या हातात जातो हे खरं, पण त्याबद्दल तक्रार करणारा खेळाडू विरळा. चित्रकार मिळाल्यावर काय करायचं याची स्वप्नं रंगवण्याआधी कॅमेरा कुठं ठेवायचा हे ठरवा. कलेचा खर्च त्या एका निर्णयानं ठरतो.

दुसरा निर्णय एकसारखेपणाचा. साधं चित्र डोळा सहज माफ करतो, पण विसंगती त्याला खपत नाही. एक झाड जाड काळ्या रेघेनं काढलेलं, शेजारचं घर रेघेशिवाय, नायक मोठ्या ठोकळ्यांच्या पिक्सेलमधला आणि त्याच्यामागचा डोंगर फोटोतून कापलेला, असं झालं की प्रत्येक वस्तू वेगवेगळी चांगली असूनही खेळ हलका वाटतो. म्हणून नियम आधी लिहून काढावेत. पिक्सेल सगळीकडे एकाच मापाचा. प्रकाश एकाच बाजूनं, समजा डावीकडून वरून. कडेची रेघ असेल तर सगळ्यांना, नसेल तर कुणालाच नाही. आणि रंग मोजके. १९८९ च्या गेमबॉयवर चारच छटा होत्या. ओजिरो फुमोतो यांचा ‘डाउनवेल’ २०१५ मध्ये काळा, पांढरा आणि लाल एवढ्यावर उभा राहिला. लाल दिसलं की धोका किंवा लाभ, खेळाडूनं तिकडं पाहायलाच हवं. लुकास पोप यांनी ‘रिटर्न ऑफ द ओब्रा दिन’ २०१८ मध्ये दोनच रंगांत केला, आणि तोही त्रिमितीय. रंग कमी केले की निवडी कमी होतात आणि निवडी कमी झाल्या की चित्रकार नसलेल्या माणसाच्या हातून चुकाही कमी होतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आपला खेळाडू बहुतेक वेळा मोबाइलवर असतो. शेताच्या बांधावर, एसटीच्या खिडकीशी, भर उन्हात. गडद निळ्यावर गडद जांभळं खोलीत छान दिसतं, पण उन्हात दिसत नाही. पडद्याचं चित्र काढून ते काळं-पांढरं करून पाहा. त्यातही नायक, शत्रू आणि जमीन वेगळी कळली तर रंगसंगती पास. न कळली तर कितीही सुंदर असली तरी बदला.

सगळंच स्वतः काढायची गरज नाही. केनी या नावानं काम करणाऱ्या डच कलाकारानं खेळासाठी लागणारी हजारो चित्रं सीसी-शून्य परवान्याखाली मोकळी सोडली आहेत. ती वापरा, बदला, विका, नाव देण्याचीही सक्ती नाही. इतरत्र मिळणाऱ्या चित्रांचे परवाने मात्र नीट वाचावे लागतात. काहींत मूळ कलाकाराचं नाव देणं बंधनकारक असतं. काहींत तुम्ही केलेला बदलही त्याच परवान्याखाली मोकळा सोडावा लागतो. काहींत व्यापारी वापराला मनाई असते, आणि जाहिराती दाखवून पैसे मिळवणारा फुकट गेम हाही व्यापारी वापरच धरून चालावं. गुगलवर सापडलेलं चित्र हा कुठलाच परवाना नव्हे. चित्र उतरवतानाच त्याचा स्रोत, कलाकाराचं नाव आणि परवाना एका तक्त्यात नोंदवून ठेवा. गेम प्रसिद्ध करण्याच्या आदल्या रात्री ही माहिती शोधता येत नाही. आणि आणलेल्या चित्रांना स्वतःच्या रंगसंचात बुडवून काढल्याशिवाय गेममध्ये घेऊ नका. दहा ठिकाणांहून आलेली चित्रं एकाच बारा रंगांत आणली की निम्मी विसंगती तिथंच जाते.

एआयच्या यंत्राकडून चित्रं करून घेण्याचा मार्गही आता आहे. त्याबद्दलही पुस्तिकेत थोडं लिहिलं आहे, कारण तो प्रश्न प्रत्येकजण विचारतो. एक सुटं चित्र त्यातून झटक्यात मिळतं. पण तोच माणूस, त्याच मापात, तीच टोपी घालून सहा फ्रेम चालताना हवा असेल तर अडचण सुरू होते, आणि खेळाला नेमकं तेच हवं असतं. शिवाय स्टीम या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावर जानेवारी २०२४ पासून अशी सामग्री वापरली असेल तर ती जाहीर करावी लागते. निर्णय तुमचा, पण तो माहिती घेऊन करा.

मराठीत गेम करणाऱ्याला चित्रांइतकंच अक्षरांशी झगडावं लागतं, आणि त्याबद्दल इंग्रजी पुस्तकांत अवाक्षर नसतं. देवनागरी नुसती अक्षरांपुढे अक्षरं मांडून लिहिता येत नाही. पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते, पण दिसते आधी. जोडाक्षरांचे आकार बदलतात. रफार उडी मारून पुढच्या अक्षरावर बसतो. हे सगळं जुळवणारी व्यवस्था गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीत नव्हती, त्यामुळे तिथं ‘शक्ती’ लिहिलं की मोडका क आणि सुटा त दिसायचा. मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ती सोय झाली. जिथं अशी सोय नसेल तिथं शब्दाचं चित्र करून लावणं हाच जुना उपाय. फॉन्टच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. मुंबईच्या एक टाइप या गटानं केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट खुल्या परवान्याखाली मिळतात आणि गेममध्ये बिनधास्त वापरता येतात. पिक्सेलच्या खेळात मात्र एक पथ्य पाळा. आठ पिक्सेलच्या उंचीत इंग्रजी अक्षर मावतं, देवनागरी मावत नाही. वर मात्रा, मध्ये शिरोरेघ, खाली उकार, एवढी मंडळी एका ओळीत बसवायची असतात. दुप्पट उंची धरूनच पडद्याची आखणी करा.

उलट बाजूनं पाहिलं तर अक्षर हीच कमी खर्चाची कला आहे. आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जाणारा मोक्षपट हा सापशिडीचा पूर्वज चौकटी, आकडे, शब्द आणि काही वळत्या रेघा यांवर चालतो. घरावर लिहिलेला शब्द वाचला की खेळणाऱ्याला कळतं, आपण पुण्यावर आहोत की पापावर. अलीकडे फिनलंडच्या अर्वी तेइकारी यांनी २०१९ मध्ये ‘बाबा इज यू’ हा खेळ केला. त्यात खेळाचे नियमच शब्दांच्या ठोकळ्यांत लिहिलेले असतात आणि खेळाडू ते ढकलून बदलतो. चित्रं लहान मुलानं काढल्यासारखी, पण प्रत्येक चित्र तीन फ्रेममध्ये हलकंसं थरथरतं, त्यामुळे पडदा जिवंत वाटतो. मराठी शब्दांचा असा खेळ अजून व्हायचा आहे. अशा खेळात चित्रकाराची उणीव भाषेनं भरून काढता येईल.

आवाज हा तिसरा आधार. माइक बिथेल यांच्या २०१२ मधल्या ‘थॉमस वॉज अलोन’चे सगळे नायक रंगीत आयत आहेत. एक लाल, एक उंच पिवळा, एक बुटका नारिंगी, एक निळा मोठा चौकोन जो पाण्यावर तरंगतो. त्यांना डोळे नाहीत, हातपाय नाहीत. निवेदक त्यांच्या मनातलं सांगत राहतो आणि थोड्याच वेळात खेळाडूला त्या आयतांबद्दल माया वाटायला लागते. निवेदक डॅनी वॉलेस यांना त्यासाठी २०१३ चा बाफ्टा मिळाला.

ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर आदिवासी कलावंत चित्रकथी सादर करतात ती अशीच. चित्रांची पोथी समोर उभी असते, एकेक पान पुढं येतं, चित्र जागचं हलत नाही. हालचाल, युद्ध, विलाप हे सगळं गाण्यातून आणि निवेदनातून घडतं. पात्रांचे मुकुट, डोळे, उभं राहण्याची ठेवण ठरलेली, त्यामुळे पान उलटलं तरी राम आणि रावण यांची ओळख हरवत नाही. या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. याच कलेची एक धारा पैठणच्या नावानं ओळखली जाते, आणि पैठण तर उमापूरहून गोदावरी ओलांडली की आलं. स्थिर चित्रांवर पूर्ण रात्र जागवणारे लोक आपल्याच शेजारात होते, हे गेम करणाऱ्यानं विसरू नये.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’मध्ये याच जातीचा मार्ग धरला. २०१७ च्या अखेरीस लोकवर्गणीसाठी केलेली त्यांची किकस्टार्टर मोहीम उद्दिष्टापर्यंत पोचली नव्हती. तरी २०२० मध्ये खेळ आला आणि तो दिसण्यात मोठ्या स्टुडिओंच्या पंक्तीला बसला. त्यात कथेचे प्रसंग मोठ्या पडद्यावरच्या सिनेमासारखे चेहऱ्यांच्या हावभावांनी सांगितलेले नाहीत. छायाबाहुल्या आणि भिंतीवरची पहाडी शैलीची चित्रं यांतून ते उलगडतात, आणि खेळताना कॅमेरा नायिकेपासून दूर राहतो. ओठांची हालचाल आणि डोळ्यांतले भाव बारकाईनं करण्याचं, सर्वांत महागडं काम त्यामुळे टळतं. टळलेलं काम उणीव म्हणून दिसत नाही, कारण त्या जागी आलेली शैली त्या कथेचीच आहे.

लोककलेकडे वळताना मात्र सावध राहावं. वर्तुळ आणि दोन त्रिकोण जोडले की वारली माणूस होतो, म्हणून गेममध्ये वारली आणण्याचा मोह पटकन होतो. ती शैली एका समाजाची आहे आणि तिला भौगोलिक मानांकन आहे. लग्नाच्या चौकातली पालघट देवी ही पूजेची गोष्ट आहे. तिच्या चित्रावर उड्या मारत नाणी गोळा करायची नसतात. आकाराचा साधेपणा शिकावा, जमल्यास त्या कलावंतांना काम आणि मोबदला द्यावा, त्यांच्या देवघरातून वस्तू उचलू नयेत.

हे सगळं प्रत्यक्षात कसं उतरतं, ते पाहण्यासाठी पुस्तिकेत एक खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडला आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबं निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्या हंगामावरचा हा छोटा खेळ. उचल फिटेपर्यंत ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, उसाचे वाढे विकून चार पैसे करायचे, लेकरांकडे लक्ष ठेवायचं.

चित्रांची यादी केली तर ऊस सर्वांत जास्त दिसतो, म्हणून त्याचं चित्र एकच: कांड्यांचा एक दांडा. त्याला तीन उंच्या आणि हिरव्याच्या दोन छटा दिल्या की सबंध फड उभा राहतो. मोळी म्हणजे तेच दांडे आडवे करून मधोमध एक पट्टी. माणसं बाजूनं, सावलीसारखी गडद. पुरुष आणि बाई यांतला फरक डोक्यावरचं पागोटं आणि पदर एवढाच, पण तो लांबून कळतो. दिवसाची वेळ दाखवायला नवं चित्र नाही, फक्त रंगसंच बदलतो: पहाटे निळसर, दुपारी पिवळा, संध्याकाळी तांबडा. साखर कारखाना लांबवर एका चिमणीच्या आकारानं कळतो. राहिलं काय? बैलजोडी, टायरची गाडी, पाचटाची कोपी, कोयता आणि मुकादमाचा चेहरा. मन लावून काढायची चित्रं एवढीच. मुकादमाचा चेहरा यासाठी, की पैशाचा हिशोब त्याच्याशी होतो आणि त्या वेळी खेळाडू पडद्याकडे स्थिर नजरेनं पाहत असतो. जिथं नजर थांबते तिथं मेहनत घालायची, जिथून ती धावत जाते तिथं खुणेवर भागवायचं.

त्या पाच चित्रांसाठी चित्रकाराला पैसे देता आले तर जरूर द्यावेत. संपूर्ण गेमची कला परवडत नाही म्हणून काहीच विकत न घेणं हा तोट्याचा व्यवहार आहे. काम सांगताना ‘छान बैल काढून द्या’ असं सांगू नये. माप किती पिक्सेल, बाजू कोणती, फ्रेम किती, रंगसंच कोणता, पार्श्वभूमी पारदर्शक, मूळ फाइल मिळणार की नाही, दुरुस्त्या किती वेळा आणि हक्क कुणाकडे राहणार, हे एका कागदावर लिहून दोघांनी मान्य करावं. काही रक्कम आधी, उरलेली काम हातात आल्यावर. ‘गेम चालला की वाटा देतो’ या आश्वासनावर कुणाला राबवून घेऊ नये. ज्यांची उचल फिटत नाही त्यांच्यावर खेळ करताना तर मुळीच नाही.

एरिक बॅरोन यांनी ‘स्टारड्यू व्हॅली’चं सगळं काम, चित्रं आणि संगीतासकट, साडेचार वर्षं एकट्यानं केलं आणि त्या काळात चित्रं पुन्हा पुन्हा नव्यानं काढली. २०१६ मध्ये आलेल्या त्या खेळाचं यश सर्वांना माहीत आहे, आणि त्याचा दाखला देऊन पुष्कळ जण मोठा घास घेतात. साडेचार वर्षं घरखर्च कोण चालवणार याचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्यानं पहिला गेम दोन महिन्यांत संपेल इतका लहान धरावा. पूर्ण झालेल्या लहान खेळातून जे शिकायला मिळतं ते अर्धवट मोठ्या खेळातून मिळत नाही.

पुस्तिकेची प्रकरणं कामाच्या क्रमानं लावली आहेत: यादी, कॅमेरा, रंगसंच, टाइल, हालचाल, अक्षर, आवाज, परवाने आणि शेवटी चित्रकाराशी व्यवहार. पहिलं प्रकरण वाचताना संगणक बंद ठेवला तरी चालेल, वही पुरेल. खेळात लागणाऱ्या प्रत्येक चित्राचं नाव तिच्यात लिहा. मग प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक खूण करा: उसनं, उलटसुलट करून भागणारं, स्वतः काढायचं. फुकटच्या संचांत युरोपातले किल्ले, पाइनची झाडं, लाकडी पिंपं आणि सोन्याची नाणी वाटेल तेवढी मिळतील. ती खुशाल उसनी घ्या. टायरची बैलगाडी, कापसाचं फुटलेलं बोंड, बाभळीखालची पाचटाची कोपी तुम्हाला तिथं सापडणार नाही, आणि ती हुबेहूब कशी असते हे तुम्हाला कुणी शिकवायची गरजही नाही. तिसऱ्या खुणेची नावं हीच असू द्या. चित्रकाराला पैसे देणं जमलं नाही तर हात कच्चा असला तरी ही चित्रं तुम्हीच काढा, कारण दुसरं कुणी ती काढणार नाही.

उमापूर, ता. गेवराई, जि. बीड